नाव किती वेळा आले, आणि कोणत्या प्रश्नाला: मुंबईतील एका दूरवैद्यक कंपनीचे प्रकरण

२०२५च्या जुलै महिन्यात अंधेरी पूर्वेतील एका कंपनीने एआयच्या उत्तरांतील उल्लेख मोजणाऱ्या आमच्या गटाकडे एक अहवाल पाठवला आणि सोबत एवढेच विचारले, की यातला आकडा खरा मानायचा का. ही कंपनी वजन कमी करू इच्छिणाऱ्यांना व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देते. तिच्याकडे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ आहेत. स्वतःचे औषध नाही आणि दवाखानाही नाही. एका बाहेरच्या संस्थेने केलेल्या त्या अहवालानुसार, चॅटजीपीटीसारख्या एआय सहायकांना वजनाविषयी प्रश्न विचारले असता निम्म्याहून अधिक उत्तरांत कंपनीचे नाव येत होते. संचालक मंडळ त्यावर खूश होते. फोनवर नोंदणी घेणाऱ्या कर्मचारी महिलांचा अनुभव मात्र वेगळा होता. ‘आमच्याविषयी कुठे ऐकलेत’ या प्रश्नाला ‘एआयने सांगितले’ असे उत्तर देणारे रुग्ण त्यांना महिन्याभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटत होते. ही तफावत कंपनीच्या विपणन प्रमुखांना खटकली, आणि ती त्यांनी मंडळापासून लपवली नाही, हे त्यांच्या श्रेयाचे मानले पाहिजे.

त्या वर्षी हा आकडा एकाएकी महत्त्वाचा का झाला, हे समजून घ्यायला हवे. मार्च २०२५मध्ये वजन उतरवण्यासाठीही दिले जाणारे टिर्झेपाटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने भारतात आले, आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइड ‘वेगोवी’ या नावाने आले. दोन्ही आठवड्यातून एकदा टोचून घ्यायची औषधे असून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. वर्तमानपत्रांत त्यांविषयी रकानेच्या रकाने छापून येत होते आणि लोक घरी बसून त्यांविषयी विचारत होते. हे विचारणे आता केवळ शोधयंत्रापुरते उरले नव्हते. ऑगस्ट २०२४पासून गुगलच्या शोधातही भारतात अनेक प्रश्नांना वर एआयने रचलेले उत्तर दिसू लागले होते, म्हणजे सहायकाला मुद्दाम न विचारणाऱ्या माणसासमोरही यंत्राचे उत्तर येऊन उभे राहत होते. ज्या कंपनीला पाटी लावायला दुकानच नाही, तिला अशा उत्तरात आपले नाव असावे असे वाटणे स्वाभाविक आहे.

जुन्या आकड्याची फोड

अहवालाच्या शेवटी प्रश्नांची यादी जोडलेली होती आणि ती आमच्याआधी कोणी वाचली नसावी, असे दिसले. एकूण ६० प्रश्नांपैकी २४ प्रश्नांत कंपनीचे नाव आधीच घातलेले होते: अमुक कंपनी चांगली आहे का, अमुक कंपनीची फी किती, अमुक आणि तमुक यांत सरस कोण. अशा प्रश्नाच्या उत्तरात नाव येणारच. कोकण रेल्वे कशी आहे असे विचारून उत्तरात कोकण रेल्वेचा उल्लेख आला याची आनंदाने नोंद करावी, तसा हा प्रकार होता. या २४ प्रश्नांनीच ६०पैकी ४० टक्के उल्लेख आपोआप भरून काढले होते. उरलेल्या ३६ प्रश्नांपैकी समजा फक्त ६ प्रश्नांत नाव आले असते, तरी एकूण आकडा ५० टक्के दिसला असता. अनोळखी माणसाने विचारलेल्या प्रश्नाला यंत्र स्वतःहून कंपनीचे नाव घेते का, या एकमेव उपयोगी मोजमापात तो ६ भागिले ३६, म्हणजे साधारण १७ टक्के ठरतो.

दुसरा दोष मराठीशी निगडित होता आणि या प्रकरणात आमचा सर्वाधिक वेळ त्यानेच घेतला. कंपनीचे नाव येथे देता येत नाही, पण ते ‘हलका’च्या कुळातले आहे असे समजावे: मराठीत आणि हिंदीत रोज वापरला जाणारा, आकारान्त, सुटसुटीत शब्द. नामकरणाच्या बैठकीत असा शब्द फार गोड वाटतो. मोजणीच्या वेळी मात्र ‘रात्रीचा आहार हलका घ्यावा’ या धर्तीच्या आहारसल्ल्यातही तो भेटतो, आणि आधीच्या संस्थेच्या संगणकी मोजणीने अशा बऱ्याच वाक्यांना कंपनीचा उल्लेख मानले होते. उलट, जिथे कंपनीचे नाव खरोखरच आले होते तिथे मराठी वाक्यरचनेने त्याचे रूप बदलले होते. ‘ठाणे’ हा शब्द शोधणाऱ्याच्या हाती ‘ठाण्यात’ लागत नाही, तसेच इथे घडले. सहायक कधी सामान्यरूप करून ‘हलक्याची फी’ अशा थाटात लिहीत, तर कधी नावाला धक्का न लावता ‘हलकाची फी’ असे लिहीत. पहिले रूप मोजणीतून निसटत होते. एकाच उत्तरात दोन्ही रूपे आढळली, तेव्हा आमच्या गटातील व्याकरणप्रेमी सहकाऱ्यांनी दुसऱ्या रूपाला अशुद्ध म्हणण्याचा आग्रह धरला. मोजणीसाठी दोन्ही रूपे ग्राह्य धरावीत, असे ठरवून तो वाद मिटवला.

आधीच्या संस्थेने यावर एक उपाय केलेला दिसत होता. नावाशेजारी ‘ॲप’ हा शब्द असेल तरच तो कंपनीचा उल्लेख, असा नियम काही प्रश्नांपुरता लावलेला होता. युक्ती वाईट नव्हती. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे लिहिले जाते. एका प्रकारात ते स्वतंत्र अक्षर असते आणि दुसऱ्यात ‘अ’वर अर्धचंद्राची मात्रा चढवलेली असते. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. नियमात एकच प्रकार घातलेला असल्याने दुसऱ्या प्रकाराने लिहिलेले सर्व खरे उल्लेख गळाले. म्हणजे एकीकडे फुगवटा आणि दुसरीकडे गळती. या दोन चुका एकमेकींना खोडून काढतील असे कोणी म्हणेल, तर त्या वेगवेगळ्या प्रश्नांत घडत होत्या. आहाराच्या प्रश्नांत आकडा फुगत होता आणि कंपन्यांची तुलना मागणाऱ्या प्रश्नांत घटत होता. परिणामी कंपनी आहाराच्या बाबतीत लोकप्रिय आणि तुलनेत दुबळी आहे, असा पूर्णपणे उलटा निष्कर्ष अहवालात निघाला होता. त्या आधारे जाहिरातीचा काही खर्चही आहाराच्या विषयाकडे वळवण्यात आला होता.

तिसरा दोष सर्वपरिचित आहे. प्रत्येक प्रश्न एकदाच विचारलेला होता. एकाच प्रश्नाला सहायक दर वेळी तेच उत्तर देत नाही, कारण पुढचा शब्द निवडताना त्यात संभाव्यतेचा भाग असतो आणि आंतरजालावरून त्या क्षणी कोणती पाने हाती लागली, यावरही उत्तर अवलंबून असते. १०पैकी ३ वेळा नाव आले, तर संख्याशास्त्रज्ञ विल्सन यांनी १९२७मध्ये मांडलेल्या सूत्राने ९५ टक्के विश्वासपातळीवर खरे प्रमाण साधारण ११ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. १००पैकी ३० वेळा आले, तर ही मर्यादा साधारण २२ ते ४० टक्क्यांवर येते. मग एकाच वेळी विचारून मिळालेल्या ‘हो’ किंवा ‘नाही’ला काय म्हणावे? शिवाय एकच प्रश्न शंभरदा विचारला तरी त्यातून त्या एका प्रश्नाविषयीच कळते, लोकांच्या प्रश्नांविषयी नाही. म्हणून प्रश्नही अनेक हवेत आणि प्रत्येकाची आवर्तनेही हवीत.

प्रश्न कोणाचे

नवी यादी विपणन विभागाकडून घ्यायची नाही, हे आम्ही आरंभीच स्पष्ट केले. विपणन विभाग ‘वैयक्तिकृत वजन व्यवस्थापन कार्यक्रम’ असे म्हणतो. फोन करणारी डोंबिवलीची बाई तसे म्हणत नाही. फोनवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांनी दोन आठवडे, नाव-गाव वगळून, समोरच्याचे पहिले वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवले. त्यांतून निघालेले प्रश्न असे होते: पीसीओडी आहे, वजन उतरतच नाही, काय करू, बाळंतपणानंतर वाढलेले पोट कमी होईल का, थायरॉइडच्या गोळ्या चालू असताना इंजेक्शन घेतले तर चालते का, बोरिवलीत वजनासाठी चांगले डॉक्टर कोण, ते पेन (म्हणजे इंजेक्शनचे) ऑनलाइन कुठे मिळेल आणि कितीला. बरेच जण मराठी रोमन लिपीत लिहितात आणि एकाच वाक्यात ‘वेट लॉस’ व ‘वजन’ दोन्ही वापरतात, म्हणून प्रत्येक आशयाचे देवनागरी, रोमन आणि इंग्रजी असे पाठ ठेवले.

अखेरची यादी ६० प्रश्नांचीच राहिली. त्यांपैकी ४८ प्रश्नांत कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते आणि १२ प्रश्न तुलनेचे होते. चार सहायक निवडले, प्रत्येकाला प्रत्येक प्रश्न दहादा विचारला, म्हणजे एका फेरीत २,४०० उत्तरे जमा झाली. दर पंधरा दिवसांनी एक फेरी होत असे. प्रत्येक वेळी नवे संभाषण उघडले, पूर्वीच्या गप्पांची आठवण ठेवण्याची सोय बंद केली, शोधाची सोय चालू ठेवली, आणि दिनांक, मॉडेलचे नाव व संपूर्ण उत्तर जतन केले. यातील जतन करण्याचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण मोजणीचा नियम बदलला की जुनी उत्तरे नव्या नियमाने पुन्हा मोजता येतात, आणि या प्रकरणात तशी वेळ तीनदा आली.

एक चूक आमचीही झाली. पहिल्या फेरीत सोयीसाठी आम्ही सर्व प्रश्न तंत्रज्ञांसाठी असलेल्या जोडणीतून, म्हणजे एपीआयमधून विचारले. लोक तर फोनवरचे ॲप वापरतात. पडताळणीसाठी मुंबईतल्याच जोडणीवरून काही प्रश्न हाताने ॲपमध्ये विचारले, तेव्हा उत्तरांचा थाट वेगळा निघाला. ॲपमध्ये जवळपासच्या दवाखान्यांची नावे कितीतरी अधिक येत होती, कारण तिथे विचारणारा कुठे आहे याचा अंदाज उत्तरात मिसळतो. दुसऱ्या फेरीपासून प्रश्नांचा दहावा हिस्सा हाताने विचारायचा ठरला, आणि पहिल्या फेरीचे आकडे आम्ही तुलनेतून काढून टाकले.

उत्तरांत काय दिसले

नाव न घालता विचारलेल्या ४८ प्रश्नांत कंपनीचा उल्लेख क्वचितच होता. इंग्रजीत सर्वसाधारण प्रश्न विचारला, की हिम्स अँड हर्स किंवा रो यांसारख्या अमेरिकी कंपन्यांची नावे येत. मुंबईतल्या माणसाला त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण इंग्रजी मजकुरात त्यांच्याविषयी एवढे लिहिले गेले आहे, की यंत्र तिकडे ओढले जाते. मराठीत विचारले की कंपन्यांची नावे जवळपास नाहीशी होत आणि चालणे, भाकरी, कोमट पाणी असा सल्ला मिळे. उपनगराचे नाव घालून विचारले, की रुग्णालये आणि दवाखाने येत. पत्ता असलेल्याला पत्ता विचारणाऱ्या प्रश्नात जागा मिळते, पत्ता नसलेल्याला नाही. हे कंपनीचे अपयश नाही, तिच्या व्यवसायाचे स्वरूप आहे, असे आम्ही मंडळासमोर मांडले. मंडळातील एका सदस्यांनी मग सातही दिवस बंद राहणारी एखादी खोली भाड्याने घेऊन तिचा पत्ता टाकावा का, असे विचारले. ते थट्टेने विचारत होते, असे आम्ही इतिवृत्तात नोंदवले.

खरा पेच इंजेक्शनच्या प्रश्नांनी आणला. ‘ते पेन ऑनलाइन कुठे मिळेल’ या धर्तीचे नऊ प्रश्न यादीत होते, आणि धंद्याच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे होते, कारण विचारणारा पैसे खर्च करायला तयार असतो. या नऊ प्रश्नांत कंपनीचा उल्लेख शून्य होता. जवळजवळ प्रत्येक उत्तरात, हे चिठ्ठीवरचे औषध आहे, आधी डॉक्टरांना भेटा, असे सांगितलेले होते. विपणन विभागाने हे शून्य भरून काढण्यासाठी एक योजना आणली: औषधांची नावे घालून लेख लिहावेत, ‘मुंबईतील सर्वोत्तम दहा’ अशा याद्या वेगवेगळ्या ठिकाणी छापून आणाव्यात, आणि प्रश्नोत्तरांच्या व्यासपीठांवर समाधानी रुग्ण म्हणून कुणीतरी लिहावे.

कंपनीच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी, ज्या स्वतः अंतःस्रावतज्ज्ञ, म्हणजे हार्मोनच्या विकारांच्या डॉक्टर आहेत, या बैठकीला अर्ध्यातून आल्या आणि त्यांनी ही योजना तिथेच थांबवली. त्यांचे म्हणणे तीन पायांवर उभे होते. औषधे व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या १९५४च्या कायद्याच्या अनुसूचीत लठ्ठपणाचा समावेश आहे; त्यामुळे लठ्ठपणा बरा करणारे औषध म्हणून लोकांसमोर केलेला प्रचार लेखाच्या वेषात असला तरी जाहिरातच ठरू शकतो. खोटे रुग्ण उभे करणे हा तर सरळ फसवणुकीचा भाग झाला. आणि तिसरे म्हणजे, चिठ्ठी नसलेल्या माणसाने औषध कुठे मिळेल असे विचारल्यावर यंत्राने डॉक्टरांकडे पाठवावे, हेच उत्तर बरोबर आहे. तिथे आपले नाव विक्रेता म्हणून येणे ही कंपनीसाठी बातमी नसून संकट आहे. हा तिसरा मुद्दा ऐकल्यानंतर आमच्या मोजणीची चौकटच बदलली. ते नऊ प्रश्न आम्ही छेदातून काढले आणि वेगळ्या रकान्यात ठेवले, जिथे शून्य हेच अपेक्षित मूल्य मानले.

त्यांनीच दुसरी दिशाही दाखवली. उल्लेख झाला एवढ्यावर न थांबता तो कसा झाला, हे वाचायला हवे, असे त्या म्हणाल्या आणि दोन शनिवार बसून त्यांनी स्वतः उत्तरे वाचली. आकडा मोजणारे आम्ही त्याआधी दोन महिने काम करत होतो. आमच्यापैकी कोणी एवढी उत्तरे सलग वाचली नव्हती. त्यांना आढळले, की तुलनेच्या प्रश्नांत कंपनीचे नाव येते खरे, पण सोबतचा तपशील अनेकदा चुकीचा असतो. कुठे फी जुनी, कुठे दादरला दवाखाना असल्याचे विधान, आणि सर्वांत घातक म्हणजे ही कंपनी तपासणीशिवाय औषध घरपोच पाठवते असे वाक्य. काही उत्तरांत ‘एफडीएची मान्यता’ असे शब्द होते. मुंबईत एफडीए म्हटले की माणसाच्या डोळ्यांसमोर वांद्रे-कुर्ला संकुलातले राज्याचे अन्न व औषध प्रशासन उभे राहते; उत्तरातला एफडीए अमेरिकेचा होता. बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन दाखवणाऱ्या निर्देशांकाच्या बाबतीत काही उत्तरांनी ३०च्या पुढे लठ्ठपणा असा जागतिक निकष लावला होता, तर भारतीयांसाठी २००९च्या तज्ज्ञ-सहमतीने २३च्या पुढे जादा वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा मानला आहे. हे शेवटचे दोन दोष कंपनीच्या नावाशी संबंधित नाहीत, पण ज्या उत्तरात आपले नाव छापले जाते त्या उत्तराच्या खरेखोटेपणाशी आपला संबंध नाही, असे त्यांना मान्य नव्हते.

यंत्र किती ठामपणे चुकते हे पाहण्यासाठी आम्ही तुलनेच्या दोन प्रश्नांत अस्तित्वातच नसलेले एक नाव घातले. काही उत्तरांनी अशी कंपनी सापडत नाही, असे प्रामाणिकपणे सांगितले. काहींनी तिच्या आहारतज्ज्ञांची वाखाणणी केली.

चुकांचा उगम शोधताना बोट अखेर कंपनीच्या संकेतस्थळाकडेच वळले. फी पाहण्यासाठी आधी मोबाइल क्रमांक देऊन ओटीपी भरावा लागे, त्यामुळे ती माहिती कोणत्याही यंत्राला वाचता येत नव्हती. डॉक्टरांची ओळख करून देणारे पान ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालल्यावरच उमटत असे, त्यामुळे तेही यंत्राच्या नजरेतून निसटत असे. सुरक्षा-व्यवस्थेने तर एआय कंपन्यांचे क्रॉलर, म्हणजे संकेतस्थळे आपोआप वाचत फिरणारे प्रोग्रॅम, सरसकट अडवले होते आणि ते कोणी, कधी ठरवले, हे तंत्रविभागालाही आठवत नव्हते. अधिकृत पान बंद असले की यंत्र जुन्या बातम्या, कूपनची संकेतस्थळे आणि कुणाच्या तरी तक्रारी यांवरून चित्र जुळवते.

इथे एक गमतीचा योग जुळून आला. २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा मंचाने प्रत्येक डॉक्टरचे नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक आणि संपर्क उपलब्ध करून देणे अपेक्षित आहे, आणि एआयवर आधारित मंचाला स्वतः रुग्णाला सल्ला देण्यास वा औषध लिहून देण्यास त्याच तत्त्वांत मनाई आहे. म्हणजे सहायकाला जी माहिती सापडत नव्हती, ती उघड करणे कंपनीचे कर्तव्यच होते. सप्टेंबरअखेर डॉक्टरांची पाने साध्या मजकुरात आली, फी ओटीपीच्या बाहेर आली, ‘आम्ही औषध विकत नाही, सल्ल्यानंतर योग्य वाटल्यास डॉक्टर चिठ्ठी देतात’ हे वाक्य मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पहिल्या पानावर आले. कंपनीच्या नावाचे देवनागरी लेखनही एकच ठरवून सर्वत्र तेच वापरले गेले.

डिसेंबरच्या फेऱ्यांपर्यंत तुलनेच्या प्रश्नांतील चुकीचे उल्लेख स्पष्टपणे उतरले. घरपोच औषधाचे वाक्य शेवटच्या दोन फेऱ्यांत दिसले नाही. नाव न घालता विचारलेल्या प्रश्नांतील उल्लेख मात्र आमच्या त्रुटिमर्यादेच्या बाहेर जाण्याइतके हलले नाहीत. त्याच महिन्यात ‘ओझेम्पिक’ मधुमेहासाठी भारतात उपलब्ध झाले आणि उत्तरे औषधाच्या नावांनी इतकी भरून गेली, की सल्ला देणाऱ्या सर्वच कंपन्या मागे सरकल्या. त्यामुळे संकेतस्थळाच्या दुरुस्तीचा परिणाम आणि बाजारातल्या घडामोडीचा परिणाम वेगळा काढणे शक्य झाले नाही. दुरुस्ती सर्व पानांवर एकदम न करता काहींवर आधी आणि काहींवर नंतर केली असती तर ते जमले असते. ते आम्हाला सुचले तेव्हा उशीर झाला होता.

जानेवारीच्या बैठकीत वित्त संचालकांनी आम्हाला एकच आकडा मागितला. आम्ही चार दिले, प्रत्येक आकड्याखाली त्याचा छेद लिहून: नाव न घालता विचारलेल्या ३९ प्रश्नांतील उल्लेख, तुलनेतील उल्लेख, त्यांपैकी चुकीचे, आणि इंजेक्शनच्या नऊ प्रश्नांतील उल्लेख. शेवटच्या रकान्यातले शून्य पाहून त्यांनी तिथे काय करता येईल असे विचारले. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो रकाना स्वतःच्या अखत्यारीत घेतला आणि त्यात शून्याहून वेगळे काही आढळल्यास त्याच दिवशी आपल्याला कळवावे, असे इतिवृत्तात लिहून घेतले. पुढील सहा महिन्यांसाठी काम चालू ठेवायचे ठरले, आणि प्रश्नांची यादी दर तिमाहीला फोनवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांनीच नव्याने लिहायची, ही अट आमच्या बाजूने घातली गेली.